विमलाबाईंची जीभ

कल्याण पूर्वेला कुणाच्या घरी कार्य असलं आणि विमलाबाई डुंबरे जेवायला येणार असं कळलं, की आचारी यजमानाला बाजूला घेऊन सांगायचा, "त्यांना पहिल्या पंगतीला बसवा, भाजी गरम असताना." विमलाबाई भांडायच्या नाहीत, आवाजही चढवायच्या नाहीत. आमटीचा एक भुरका घ्यायच्या, जिभेवर फिरवायच्या आणि वर पाणी अशा प्यायच्या की तोंड विसळतायत असं वाटावं. मग शेजारणीला, पण आचाऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "मसाला भाजला नाही, नुसता घाबरवलाय."

एका साखरपुड्यात त्यांनी पनीरचा तुकडा चमच्यावर घेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "हे खायचंय की याने फळा पुसायचाय?" त्या घरच्या बाईने पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. विमलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. असलं पनीर वाढणाऱ्या घराशी बोलायचं तरी काय?

हा तोरा फुकटचा नव्हता. ओतूरजवळच्या एका गावातून लग्न होऊन त्या कल्याणला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. नवरा धोंडीबा एसटीत ड्रायव्हर. आधी माळशेज घाटातून गाडी न्यायचे-आणायचे, पुढे ठाण्याला खोपटच्या डेपोत बदली झाली. डेपोतल्या चार एकट्या माणसांना विमलाबाईंनी डबे द्यायला सुरुवात केली. चाराचे दहा झाले, दहाचे चाळीस. सव्वीस वर्षं त्यांनी चाळीस माणसांची पोटं सांभाळली. बुधवारी कोंबडीचा रस्सा असायचा आणि त्या दिवशी डेपोत कुणी रजा टाकत नसे, असं धोंडीबा सांगायचे. बायकोच्या रश्श्याचा त्यांना अभिमान होता. मात्र तो रस्सा होतो कसा, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. माठातलं पाणी प्यायला जाण्यापलीकडे स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध नव्हता. "विमल, मीठ," म्हटलं की मीठ यायचं. ते कुठून येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एकसष्टाव्या वर्षी विमलाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात बायपास झाली. छातीचं हाड कापून परत शिवलेलं, त्यामुळे तीन महिने वजन उचलायचं नाही, कणीक मळायची नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाची ताकद कमी झालीय, मीठ अगदी बेताचं खा.

घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ म्हणून एक मुलगी आली. रुचिता तिचं नाव. वय असेल पंचवीस-सव्वीस. हातात छापील कागद.

"मावशी, तेल दिवसाला तीन छोटे चमचे. मीठ जेमतेम अर्धा. पापड, लोणचं, सुकी मासळी पूर्ण बंद."

"आणि खायचं काय?"

"खूप काही खाता येतं! चिकन चालेल ना तुम्हाला? स्किन काढलेलं, फक्त ब्रेस्टचं. त्याचा खिमा करा, त्यात राजमा, टोमॅटो, सिमला मिरची, गाजर, मका. मस्त हेल्दी चिली होते. एका भांड्यात सगळं जेवण."

"तू केलीस कधी?"

मुलगी जराशी गोंधळली. "मी व्हेजिटेरियन आहे, मावशी."

विमलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून ऐश्वर्या चटकन कागद घडी करून पर्समध्ये ठेवायला लागली. मुलगी गेल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "पोहायला शिकवायला आली होती, पाण्याला हात न लावता. आणि मांस खायचं तर कोंबडीच्या छातीचं! अगं, छातीला काय चव असते? हाड नाही, चरबी नाही. त्यापेक्षा कापूस उकडून खाईन."

ऐश्वर्या आणि मुलगा प्रीतम ठाण्याला राहायचे, दोघंही नोकरीला. ऐश्वर्याने तो कागद कल्याणच्या फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि सासूकडे स्वयंपाकाला एक बाई लावून दिली. तिने पहिल्या दिवशी दुधी केला. विमलाबाईंनी फोड चमच्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरी हे कोण खातं?" दुसऱ्या दिवशी डाळ झाली. विमलाबाई नुसत्या वाटीकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी बाई आली नाही.

तेव्हा सहासष्ट वर्षांचे धोंडीबा उठले, बनियनवर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "मी करतो."

विमलाबाईंना हसू आलं. ऑपरेशननंतर हसलं की छातीत कळ यायची, म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी एक छोटी उशी दिली होती. खोकला किंवा हसू आलं की ती छातीशी दाबून धरायची. त्यांनी उशी धरली आणि पोटभर हसून घेतलं.

"हसू नकोस. बत्तीस वर्षं घाटातून गाडी चालवलीये. एक टोप नाही चालवता येणार?"

"टोपाला हॉर्न नसतो, अहो."

धोंडीबा पिशवी घेऊन बाजारात गेले. दीड तासाने आले ते कोंबडी, सोया सॉसची बाटली, कॉर्नफ्लोअर आणि पातीचा कांदा घेऊन. कागदावर 'चिली' लिहिलंय म्हणजे स्टेशनजवळच्या गाडीवर मिळते ती लाल चिकन चिली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. कागद पुढे वाचला नव्हता. कोंबडीही चामडीसकट, हाडासकट.

"सोया सॉस कशाला?"

"चिलीत असतो."

"त्या बाटलीत नुसतं मीठ असतं. माझा जीव घ्यायचाय का? आणि ही कोंबडी कुणी दिली? तिचं वय विचारलंत का? तुमच्याबरोबरच रिटायर झालेली दिसतेय."

धोंडीबांनी कोंबडी फ्रिजमध्ये टाकली आणि त्या दिवशी दोघांनी दहीभात खाल्ला. दही अळणी, भात अळणी. विमलाबाई प्रत्येक घासाला भिंतीकडे तोंड करत होत्या, जणू भिंतीची साक्ष काढतायत.

दुसऱ्या दिवशी मात्र धोंडीबांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. वाचला म्हणजे मोठ्याने वाचला, बसमध्ये थांबे सांगावेत तसा. मग दुकानात उभं राहून समोर चामडी काढून घेतली, छातीचाच खिमा करून घेतला. भाज्या कागदात लिहिल्या होत्या तेवढ्याच, तेवढ्याच मापाने आणल्या. विमलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकायला लावली आणि उशी मांडीवर घेऊन बसल्या. ज्या खोलीत सव्वीस वर्षं त्यांच्या परवानगीशिवाय वाटी हलली नव्हती, तिथे आता हा माणूस उघडाबोडका उभा राहून गाजराशी झटत होता. सुरी उलटी धरलेली. गाजराचा एक तुकडा बोटभर, दुसरा नखाएवढा. टोमॅटो कापताना रस कोपरापर्यंत गेलेला.

"गाजर कापताय की त्याचा खून करताय?"

"तू गप बस. डॉक्टरांनी बोलू नकोस सांगितलंय."

"उचलू नको सांगितलंय. बोलण्याचं काही म्हणाले नाहीत."

धोंडीबांनी खिमा, राजमा, टोमॅटो, गाजर, मिरची, मका सगळं एकदम कुकरमध्ये लोटलं, वर चिमूटभर हळद, चिमूटभर तिखट, आणि सहा शिट्ट्या काढल्या. कागदावर 'एका भांड्यात' असं लिहिलं होतं ना! राजमा आदल्या रात्री भिजत घालायचा असतो हे कागदावर नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर कुणालाही कळतं.

झाकण उघडलं तेव्हा आत करड्या रंगाचं पाणी, त्यात खिम्याच्या गुठळ्या, चिखल झालेली सिमला मिरची आणि तळाला राजम्याचे खडे. धोंडीबांनी वाडग्यात वाढलं, वर कोथिंबीर भुरभुरली, आणि बायकोपुढे ठेवून हात बांधून उभे राहिले.

विमलाबाईंनी चमचाभर तोंडात घेतलं. राजमा दाताखाली कटकन वाजला. त्यांनी तो दाणा दोन बोटांनी काढून वाडग्याच्या काठावर ठेवला.

"हा कॅरममध्ये वापरा."

"बाकी?"

"बाकी काय? त्या कोंबडीला उगाच मारलं. मरून कुणाच्या उपयोगी पडली असती तर गोष्ट वेगळी."

त्यांनी वाडगं हाताने दूर सारलं. ते टेबलाच्या कडेला जाऊन थांबलं. धोंडीबांचा चेहरा एकदम लहान झाला. त्यांनी वाडगं उचललं, तिथेच उभ्याने चमचा घातला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि राजमा बाजूला काढत सगळं संपवलं. मग भांडी घासायला घेतली. विमलाबाईंना तेवढ्यापुरतं कसंसंच झालं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. चाळीस माणसांचा स्वयंपाक त्यांनी अंगात ताप असताना केला होता. तेव्हा कुणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं?

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. धोंडीबा रोज काहीतरी करायचे, विमलाबाई त्याला रोज नवं नाव ठेवायच्या. चिलीला त्या 'तुमचा तो पंचनामा' म्हणायच्या. राजमा आता भिजू लागला होता, गाजरं एका मापाची होऊ लागली होती; पण चव म्हणाल तर नाहीच. आणि विमलाबाई दिवसाला चार-पाच घासांवर उठायच्या. अंगात ताकद येईना. ऐश्वर्या शनिवारी यायची, सासूचं मनगट हातात घेऊन बघायची आणि मग सासऱ्यांकडे पाहायची.

आणि एका दुपारी आंबिवलीची शेवंती आली.

शेवंती सुकी मासळी विकायची. डोक्यावर टोपली, त्यात सुकट, जवळा, बोंबील. पंधरा वर्षं ती विमलाबाईंच्या दाराशी बसून चहा प्यायची. धोंडीबा पेन्शनच्या कामाला डेपोत गेले होते.

"काय गो बाय, किती सुकलीस! खातस का नाय काय?"

"खायला देतंय कोण? आमचे हे स्वयंपाक करतात."

शेवंतीने कपाळाला हात लावला. मग टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. वास आला. महिन्याभरात विमलाबाईंच्या नाकाला पहिल्यांदा काहीतरी खरं भेटलं.

"जवला घे थोरा. नुसता भाजून खा. त्यानं काय व्हतंय?"

विमलाबाईंनी पुडी घेतली. शेवंती गेल्यावर तव्यावर मूठभर जवळा भाजला, वर कांदा चिरला आणि शिळ्या भाकरीबरोबर उभ्याने खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. आपण अजून जिवंत आहोत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी धोंडीबा भाजीला गेले तेव्हा परत खाल्ला, तिसऱ्या दिवशी परत. त्या आहारवाल्या पोरीचं काय जातंय 'बंद' म्हणायला, आयुष्यात कधी बोंबील चाखला नसेल तिने.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या पायांवर सूज होती. बोट दाबलं की खळगा पडायचा. दुपारी आडवं झाल्यावर श्वास पुरेना. त्या उठून बसल्या, खिडकीशी गेल्या, तरी पुरेना. धोंडीबांनी खाली पळत जाऊन रिक्षा आणली आणि बायकोला जवळजवळ उचलूनच खाली नेलं. जवळच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, अंगातलं पाणी काढायची इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी विचारलं, "खारट काही खाल्लं होतं का?" विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. धोंडीबा म्हणाले, "नाही हो. मीच करतो सगळं. मीठ टाकतच नाही."

तीन दिवसांनी घरी आणलं. धोंडीबांनी त्यांना पलंगावर बसवलं, उशी दिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन परत आले. हातात जवळ्याची पुडी होती. तांदळाच्या डब्यामागून काढली होती.

विमलाबाई म्हणाल्या, "शेवंतीला काही बोलू नका. मीच मागितला."

धोंडीबा खुर्ची ओढून समोर बसले. ते ओरडतील असं विमलाबाईंना वाटलं होतं, आणि ओरडले असते तर त्यांनी उत्तरही दिलं असतं.

"माझ्या हाताला चव नाही," धोंडीबा सावकाश म्हणाले. "मान्य. मी ड्रायव्हर माणूस. पण तू? सगळ्या कल्याणला नावं ठेवत फिरलीस. हा आचारी असा, ती बाई तशी. आणि तुझ्यावर वेळ आली तर बिनमिठाचं एक भांडं तुला चवीला लावता येत नाही? मीठ काढून घेतलं की तुझी सगळी कला संपली? मग सव्वीस वर्षं काय, नुसतं मीठच वाढत होतीस लोकांना?"

विमलाबाईंच्या कानशिलात गरम झालं. उभ्या आयुष्यात त्यांच्या स्वयंपाकाला असं कुणी बोललं नव्हतं, सासूसुद्धा नाही. त्या तोंड फिरवून बसल्या. संध्याकाळी चहा घेतला नाही. अंधार पडल्यावर स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या, "राजमा भिजत घाला. कोमट पाण्यात. आणि ती लोखंडी कढई खाली काढा, कुकर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारातल्या खुर्चीत बसल्या. या वेळी उशी मांडीवर नव्हती, पाठीशी होती.

"कांदा सोलू नका. तसाच गॅसवर ठेवा. टोमॅटोही."

"जळेल."

"जळूच दे. वरून काळा पडायला हवा. तुम्हाला कांदा नीट भाजता येत नाही म्हणून तुमच्या चिलीला हॉस्पिटलचा वास येतो."

घरभर धूर झाला. साल काढल्यावर आतला कांदा मऊ, गोडसर निघाला. धोंडीबांनी वास घेतला आणि दचकून बायकोकडे पाहिलं. विमलाबाईंनी जिरे, धणे, लसूण आणि तीन सुक्या मिरच्या कोरड्याच भाजायला लावल्या. त्या स्वतः बघत नव्हत्या, डोळे मिटून नाकाने हिशेब ठेवत होत्या. "अजून. अजून... उतरवा! उतरवा म्हटलं ना, बहिरे आहात का?" भाजलेलं सगळं कांदा-टोमॅटोबरोबर वाटून घेतलं.

मग कढई चांगली तापवून एक चमचा तेल. खिमा पसरून टाकायचा आणि हात लावायचा नाही. धोंडीबांचा कालथा सारखा पुढे जात होता.

"हात मागे घ्या. घाटात चढणीला सारखा गिअर बदलता का?"

धोंडीबा थांबले. ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा कळली असावी. खिमा खालून तांबूस झाला, कढईपासून सुटला, मग त्यांनी परतला. त्या कोरड्या छातीच्या मांसालाही काहीतरी रंग आला. वर वाटण, मग गाजर, मग मका. सिमला मिरची अगदी शेवटी, तिचा करकरीतपणा राहील इतकीच. राजमा वेगळा मऊ शिजवलेला. त्यातला पळीभर विमलाबाईंनी ठेचायला लावला, म्हणजे रस दाट होतो. मीठ चिमटीत मावेल एवढं. आणि उतरवल्यावर चिंचेचा कोळ.

"जीभ आंबटाला फसते," त्या म्हणाल्या. "मीठ नाही हे तिच्या उशिरा लक्षात येतं. तोवर घास पोटात गेलेला असतो. हे त्या कागदवालीला सांगायला हवं."

वाडगं समोर आलं. विमलाबाईंनी चमचा घेतला. धोंडीबा हात बांधून उभे राहिले नाहीत. ते कढई घासायला वळले, मुद्दाम पाठ करून.

विमलाबाईंनी खाल्लं. मीठ कमी होतं, हे त्यांच्या जिभेला पहिल्याच क्षणी कळलं. ती कशाला फसतेय. कोंबडी अजूनही कोंबडीची आठवण करून देत नव्हती. पण धुराचा वास होता, तिखटाला गोलाई होती, आणि चिंच मागून येऊन सगळ्याला धरून ठेवत होती. त्यांनी वाडगं संपवलं. चमच्याने तळ खरवडला.

"विमल, कसं झालंय?" धोंडीबांनी नळाच्या आवाजात विचारलं.

"माणसाने खाण्यासारखं झालंय," त्या म्हणाल्या. "मका जास्त पडलाय. कोंबड्या पाळल्यात का घरात?"

महिनाभर असं चाललं. पायांची सूज गेली, मनगटावर थोडं मांस चढलं. तपासणीला ठाण्याला गेल्या तेव्हा रुचिता त्यांचे रिपोर्ट बघून खूश झाली. म्हणाली, "मावशी, काय केलंत? रेसिपी द्या ना, बाकीच्या पेशंटना देईन." विमलाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचार. आणि कागदावर आधी लिही, राजमा रात्री भिजवायचा. सगळ्यांना सगळं येतं असं समजून लिहितेस तू." मुलीने निमूटपणे पेन काढलं. धोंडीबांनी तिला वीस मिनिटं चिली सांगितली, मध्ये तीनदा 'हात मागे घ्यायचा' हे सांगितलं.

मे महिन्यात एका रविवारी खोपटच्या डेपोतले जुने सोबती बघायला आले. दोघं ड्रायव्हर आणि रामा कंडक्टर, जो धोंडीबांबरोबर अकरा वर्षं एकाच गाडीवर होता. धोंडीबांनी सकाळपासून चिली केली होती, बरोबर ज्वारीच्या भाकऱ्या खालच्या बाईकडून आणल्या होत्या. ते कमरेला टॉवेल गुंडाळून वाढत होते आणि कोंबडीची कुठली बाजू हृदयाला चांगली हे समजावत होते.

रामा हसायला लागला. "वहिनी, तुम्ही यांना पार बाई करून टाकलंत की हो! धोंडीबा, आता बांगड्या तेवढ्या भरायच्या राहिल्या."

बाकीचे दोघंही हसले. धोंडीबा वाढता वाढता थांबले. पळी हवेत राहिली.

विमलाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "रामभाऊ, तुमची बायको माहेरी गेली की तुम्ही काय खाता?"

"हॉटेल आहे की."

"आणि ती आजारी पडली की?"

"तेव्हाही... आणतो काहीतरी."

"तिच्यासाठी?"

रामा भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"गेल्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता ना? मीच तर पेज पाठवली होती इथून. तुम्ही वडापाव आणून दिलात तिला, टायफॉइडात! मला तिनेच सांगितलं." त्यांनी दुसऱ्या दोघांकडे मान वळवली. "आणि तुम्ही का हसताय? तुमच्यातल्या एकाला तरी स्वतःचा चहा करता येतो का? दूध आधी की पाणी आधी, सांगा."

एकाने खरोखरच विचार केल्यासारखं छताकडे पाहिलं.

"मग या माणसाच्या हातचं खाताय, तर मुकाट्याने खा. आवडलं नसेल तर तसं सांगा. बांगड्यांचं काय घेऊन बसलाय?"

रामाने दोनदा चिली मागून घेतली. जाताना पायात चपला घालत धोंडीबांना हळूच विचारलं, कांदा गॅसवर किती वेळ ठेवायचा. धोंडीबांनी त्याला दारातच उभं करून सगळं पहिल्यापासून सांगितलं. विमलाबाई आतून ऐकत होत्या. जिऱ्यांचं सांगताना ते चुकले, तेव्हा त्यांनी आतूनच दुरुस्त केलं.

पाहुणे गेल्यावर धोंडीबा पानं गोळा करायला आले. विमलाबाई वाडग्यात चमचा फिरवत म्हणाल्या, "राजमा आज दोन मिनिटं कमी शिजलाय. आणि चिंच गार झाल्यावर घातलीत, ती गरमात घालायची. वाटण मात्र जमलंय."

धोंडीबांनी मान डोलावली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतलं.

ऑपरेशनला आता तीन महिने उलटून गेलेत. डॉक्टरांनी विमलाबाईंना गॅसपुढे उभं राहायची परवानगी दिलीय आणि पोळ्या-भाजी पुन्हा त्यांच्याकडे आलीय, तीही अळणीच. बुधवारी मात्र धोंडीबांची चिली असते, त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. शेवंती येते, टोपली दाराबाहेरच ठेवते आणि चहा पिते. तिने एकदा विचारलं, "कसा रांधतंय गो तुझा म्हातारा?"

"वाईट नाही," विमलाबाई म्हणाल्या, आणि लगेच आत ओरडल्या, "अहो, खिमा जळतोय! वास येत नाही का तुम्हाला?"